जावक झाली, पोच कुठे आहे?

मा. जिल्हाधिकारी, चंद्रपूर
आणि मा. जिल्हाधिकारी, गडचिरोली यांस

विषय : दोन्ही जिल्ह्यांतल्या सार्वजनिक संकेतस्थळांवरून निघणारे आणि नागरिकांपर्यंत न पोचणारे ईमेल



‘आपल्या नोंदणीकृत ईमेलवर लिंक पाठवण्यात आली आहे.’ प्रवेशअर्ज भरताना, पासवर्ड विसरल्यावर, तक्रार नोंदवल्यावर पडद्यावर हे वाक्य उमटते आणि समोर बसलेला माणूस वाट पाहू लागतो. बऱ्याचदा ती लिंक येतच नाही. संकेतस्थळाने ईमेल तयार करून आपल्याच सर्व्हरवरच्या एका प्रोग्रामच्या हाती दिला, एवढेच त्या क्षणी घडलेले असते. पुढे तो बाहेर पडला का, समोरच्या कंपनीने घेतला का, घेऊन स्पॅममध्ये टाकला का, यातले काहीही त्या वाक्याला ठाऊक नसते. तरी ते ‘पाठवण्यात आली आहे’ असे ठामपणे सांगते.

महाविद्यालये, पतसंस्था, स्वयंसेवी संस्था, ग्रामसभांचे महासंघ अशांच्या संकेतस्थळांची देखभाल करणे हे माझे रोजचे काम आहे. त्यामुळे न पोचलेल्या ईमेलची तक्रार जवळजवळ रोज कानावर येते. या पत्रात मी कुठल्याही कार्यालयाचे किंवा संस्थेचे नाव घेतलेले नाही. हा दोष कुणा एकाचा नाही आणि एकाला धारेवर धरून तो जाणारही नाही. आपल्या हाताखाली किंवा आपल्या शब्दाला मान देऊन चालणाऱ्या शेकडो संस्था या दोन जिल्ह्यांत आहेत, म्हणून हे पत्र आपल्याला.

ईमेल न आल्याची किंमत सगळीकडे सारखी नसते. नागपूर-पुण्यात लिंक आली नाही तर माणूस थोडा थांबतो आणि पुन्हा बटण दाबतो. भामरागड तालुक्यातल्या आतल्या गावाहून आलेल्या मुलीला तसे करता येत नाही. गावात रेंज नाही म्हणून ती तालुक्याच्या ठिकाणी आलेली असते. सेवा केंद्रावर नंबर लावायचा, अर्ज भरायचा आणि गावाकडची गाडी सुटायच्या आत निघायचे, एवढाच वेळ तिच्या हातात असतो. लिंक आली नाही तर पुन्हा एक दिवस, पुन्हा गाडीभाडे, सोबत आलेल्या बापाची पुन्हा एक दिवसाची मजुरी बुडालेली. तेंदूच्या हंगामात तर तो दिवस फारच महाग पडतो. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण दोनशे किलोमीटरहून लांब आहे. जिवतीच्या पहाडावरच्या माणसाला चंद्रपूर गाठायचे तर अख्खा दिवस त्यातच जातो. पर्लकोटा नदीला पूर चढला की भामरागडचे काय होते, हे आपत्ती व्यवस्थापनाच्या बैठकांमधून आपल्याला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. अशा माणसाने ऑनलाइन अर्ज करावा असे शासन सांगत असेल, तर त्याला पोच देण्याची जबाबदारीही त्याच वजनाने घ्यायला हवी.

ईमेल का अडतात हे थोडे मुळापासून सांगतो. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळा होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याच महिन्यात अमेरिकेत जॉन पोस्टेल यांनी ईमेल एका संगणकाकडून दुसऱ्याकडे कसा सोपवायचा याचे नियम लिहून प्रसिद्ध केले. एसएमटीपी या नावाने ते आजही चालतात. तेव्हा जाळ्यावरचे संगणक थोडे होते आणि ते चालवणारे बहुतेक एकमेकांना ओळखत होते. पाठवणाऱ्याने आपले जे नाव सांगितले ते खरे मानायचे, अशी ती रचना होती. कुणीही कुणाच्याही नावाने ईमेल धाडू शकत होता. पुढे फसवणूक वाढली आणि पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय नंतर, तुकड्यातुकड्यांनी जोडावी लागली.

आज त्या ओळखीचे तीन पुरावे मागितले जातात. पहिला एसपीएफ : आमच्या डोमेनच्या नावाने ईमेल पाठवायची मुभा कुठल्या सर्व्हरना आहे, याची जाहीर यादी. दुसरा डीकेआयएम : प्रत्येक ईमेलवर उमटणारी डिजिटल सही, जी खरी की खोटी हे कुणालाही तपासता येते. तिसरा डीमार्क : पहिले दोन पुरावे जुळले नाहीत तर त्या ईमेलचे काय करावे, याची डोमेनच्या मालकाने दिलेली सूचना. तिन्ही गोष्टी डोमेनच्या नोंदींत लिहायच्या असतात. त्या लिहिण्यासाठी वेगळे शुल्क पडत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी यातल्या पहिल्या दोनांपैकी किमान एक पुरावा प्रत्येक पाठवणाऱ्याला सक्तीचा केला आणि जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त ईमेल धाडणाऱ्यांना तिन्ही. मे २०२५ पासून मायक्रोसॉफ्टनेही आउटलुकच्या पत्त्यांसाठी मोठ्या पाठवणाऱ्यांवर तशीच अट घातली. आपल्याकडे ईमेल म्हणजे बहुतेकांचे जीमेल. म्हणून २०२३ पर्यंत कसेबसे पोचणारे ईमेल त्यानंतर दारातूनच परत फिरू लागले. निकालाच्या किंवा प्रवेशाच्या दिवशी पाच हजारांचा आकडा गाठणे एखाद्या विद्यापीठाला किंवा मोठ्या शिक्षणसंस्थेला अवघड नाही, हेही लक्षात घ्यावे.

आता आपल्याकडे नेमके काय बिघडलेले सापडते ते.

सगळ्यात जास्त वेळा दिसते ते असे. कार्यालयाचा अधिकृत पत्ता जीमेलचा असतो आणि संकेतस्थळ स्वतःच्या होस्टिंगवरून त्या जीमेलच्या नावाने ईमेल पाठवत असते. गूगलच्या दृष्टीने हा परका सर्व्हर आहे, आपले नाव सांगतो आहे. संपर्काच्या फॉर्ममध्ये तर याहून विचित्र प्रकार असतो. तक्रार नोंदवणाऱ्या नागरिकाचाच पत्ता ‘प्रेषक’ म्हणून टाकलेला असतो. उत्तर देणे सोपे जावे हा बनवणाऱ्याचा हेतू चांगला, पण परिणाम असा की नागरिकाच्या नावाने संकेतस्थळच ईमेल धाडते, तो संशयास्पद ठरतो आणि तक्रार कार्यालयापर्यंत पोचतच नाही. प्रेषक म्हणून संस्थेचा स्वतःच्या डोमेनवरचा पत्ता आणि ‘उत्तर येथे द्या’ या रकान्यात नागरिकाचा पत्ता, एवढा बदल पुरतो.

दुसरा मोठा भाग होस्टिंग बदलण्याचा. संकेतस्थळ नागपूरच्या एखाद्या कंत्राटदाराने करून दिलेले असते. वर्षभराचा देखभाल करार संपतो, पुढच्या वर्षी स्वस्त दरपत्रक येते, संकेतस्थळ नव्या जागी जाते. पाने दिसतात, फोटो दिसतात, उद्घाटनाची बातमी दिसते. सगळे ठीक आहे असा शेरा पडतो. डोमेनच्या नोंदीत मात्र मुभा अजून जुन्याच सर्व्हरला असते. ती बदलायची तर डोमेनच्या खात्याचा पासवर्ड लागतो आणि तो असतो जुन्या कंत्राटदाराकडे किंवा बदली होऊन गेलेल्या लिपिकाच्या वैयक्तिक ईमेलवर. सार्वजनिक संस्थेचे डोमेन कुणा व्यक्तीच्या नावावर असणे हे संस्थेची जमीन खासगी माणसाच्या सातबाऱ्यावर असण्याइतके गंभीर आहे. याची चौकशी आपण इतर काही करण्याआधी करावी.

याखेरीज लहानसहान कारणे पुष्कळ. बरेच क्लाउड पुरवठादार बाहेर जाणारा पोर्ट २५ बंद ठेवतात, आणि जुना कोड त्याच दारावर धडका देत राहतो. तिथे ५८७ वापरून नाव-पासवर्डासह ईमेल द्यावा लागतो. कुणीतरी मेलबॉक्सचा पासवर्ड बदलतो, पण संकेतस्थळाच्या सेटिंगमध्ये जुनाच राहतो. स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर तासाला ठरावीक ईमेलची मर्यादा असते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी ती भरते आणि उरलेले ईमेल अडकून पडतात. विषयाच्या ओळीतली मराठी अक्षरे नीट सांकेतिक रूपात न दिल्याने प्रश्नचिन्हांची माळ होते आणि माणूस तो ईमेल कचरा समजून पुसून टाकतो.

एक प्रसंग जरा तपशिलात सांगतो, कारण हे सगळे तिथे एकत्र भेटले. दोन जिल्ह्यांपैकी एकातल्या एका शिक्षणसंस्थेने प्रवेशाच्या काळात मला बोलावले. मुलांना पासवर्डची लिंक जात नव्हती. मी आधी विचारले, परत आलेले ईमेल कुठे जमा होतात? कुणाला सांगता येईना. प्रेषकाचा पत्ता ‘उत्तर देऊ नये’ या धर्तीचा होता. त्या पत्त्याची पेटी होती, पण ती तयार झाल्यापासून कुणी उघडलेली नव्हती. उघडली तेव्हा पानांमागून पाने परत आलेल्या ईमेलची निघाली. जवळजवळ प्रत्येकावर एकच खूण : ५५०-५.७.२६. पाचने सुरू होणारा आकडा म्हणजे कायमचा नकार, चारने सुरू होणारा म्हणजे ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने या’. आणि शेपटीचे ५.७.२६ म्हणजे पाठवणाऱ्याची ओळख पटली नाही. नकार देणाऱ्या कंपनीने कारण स्पष्ट लिहून कळवले होते, प्रत्येक वेळी कळवले होते. डोमेनच्या नोंदी उघडल्या तर तिथे एसपीएफच्या दोन ओळी सापडल्या, एक जुन्या होस्टिंगची, एक नव्याची. एका डोमेनला एसपीएफची एकच ओळ चालते; दोन असल्या की तपासणीच रद्द ठरते आणि दोन्ही निरुपयोगी होतात. नवी ओळ घालणाऱ्याने काम केले होते, जुनी काढायची राहिली होती. जुनी ओळ पुसली, डीकेआयएमची सही सुरू केली, नोंद सगळीकडे पसरेपर्यंत थांबलो आणि एक चाचणी ईमेल पाठवला. तो पोचला. दुरुस्ती एका दुपारची होती. त्या दुपारच्या आधी ज्या मुलांचे दिवस गेले ते मात्र गेले. त्यांतल्या काहींच्या पत्त्यासमोर गावे लिहिलेली होती. एटापल्ली, कोरची, धानोरा तालुक्यांतली ती गावे वाचताना फार वाईट वाटले.

नागरिकाच्या बाजूनेही अडचणी असतात आणि त्या दुर्लक्षून चालणार नाही. जीमेलची पंधरा जीबीची फुकट जागा फोटो, ड्राइव्ह आणि ईमेल यांना मिळून असते आणि आता अँड्रॉइडवरच्या व्हॉट्सअॅपचा बॅकअपही त्यातच मोजला जातो. लग्नाचे व्हिडिओ साठत गेले की पेटी भरते आणि नवा ईमेल घेतला जात नाही. बऱ्याच जणांना ईमेल असल्याचेच माहीत नसते. मोबाइल घेताना दुकानदाराने खाते उघडून दिलेले असते आणि त्याचा पासवर्ड त्यालाच ठाऊक. मग काही सेवा केंद्रांवर चालक सगळ्यांच्या अर्जात स्वतःचाच पत्ता टाकतो. त्यालाही दोष देववत नाही. फॉर्ममधला ईमेलचा रकाना रिकामा ठेवून पुढे जाताच येत नाही, आणि समोर रांग असते. पण त्यामुळे माडिया कुटुंबाच्या दाखल्याची, मुलचेऱ्याच्या बंगाली शेतकऱ्याच्या तक्रारीची, सिरोंच्याच्या तेलुगूभाषक विद्यार्थ्याच्या शिष्यवृत्तीची पोच एकाच केंद्रचालकाच्या पेटीत जाऊन पडते आणि ज्याची त्याला कधी मिळत नाही.

ओटीपीचेही तसेच. काही सर्व्हर अनोळखी पाठवणाऱ्याला पहिल्या खेपेस मुद्दाम ‘थोड्या वेळाने या’ म्हणतात. खरा पाठवणारा पुन्हा येतो, फसवा येत नाही, असा त्यामागचा हिशेब. यात काही मिनिटे जातात. ओटीपीची मुदत दहा मिनिटांची असेल आणि केंद्रावरची रेंज मध्येच गेली, तर ओटीपी पोचतो तेव्हा मेलेला असतो. मुदत अर्ध्या तासाची केली तर सुरक्षिततेला मोठा धक्का बसत नाही आणि हजार हेलपाटे वाचतात.

कायदा काय म्हणतो तेही पाहावे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० चे कलम १३ सांगते की वेगळा करार नसेल तर इलेक्ट्रॉनिक पत्र पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकात शिरले की ते पाठवले असे धरायचे. म्हणजे जो ईमेल संस्थेच्याच सर्व्हरवर अडकून आहे, तो कायद्याच्या भाषेतही पाठवलेला नाही. पडद्यावर मात्र ‘पाठवण्यात आली आहे’ असे लिहिलेले. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे अर्जदाराला अर्जाचा क्रमांक आणि सेवा देण्याची मुदत लिहून कळवावी लागते. अर्ज नाकारला तर आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत पहिले अपील. माहिती अधिकारातही पहिल्या अपिलाचे दिवस तीसच. आदेशाचा ईमेल परत फिरला आणि कार्यालयाने तो पाठवला असे धरून दिवस मोजले, तर माणसाचा अपिलाचा हक्क त्याच्या नकळत संपतो. हे माझ्या मते या संपूर्ण विषयातले सर्वांत मोठे नुकसान आहे, कारण ते कुणाला दिसत नाही आणि त्याची तक्रारही होत नाही.

या मातीत हक्क आणि हाती आलेला कागद यांतले अंतर नवे नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला २००९ मध्ये. बांबू तिचा होता, पण वाहतूक परवान्याचे पुस्तक हाती नव्हते म्हणून बांबू गावाबाहेर विकता येत नव्हता. ते पुस्तक एप्रिल २०११ मध्ये मिळाले, तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले तेव्हा. मधला काळ त्या ग्रामसभेने कागद मागण्यात घालवला. आज त्याच जिल्ह्यातली पुढची पिढी संकेतस्थळावर अर्ज करते, तेव्हा तिला तरी आपल्या कागदासाठी असे थांबावे लागू नये.

टॉवर, फायबर, वीज यांची गरज मोठी आहे आणि त्यांना वेळ आणि निधी लागणार हे मी जाणतो. वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये ग्रामसभेच्या शिफारशीने दूरसंचार वाहिन्यांसाठी वनजमीन देण्याची सोय आहे. ती कामेही व्हावीत. पण ईमेलची ही दुरुस्ती कुठल्याही मंजुरीसाठी थांबलेली नाही. तिच्यासाठी निविदाही लागत नाही.

म्हणून आपल्याला विनंती. येत्या मासिक आढावा बैठकीत प्रत्येक कार्यालयाकडून आणि अनुदानित संस्थेकडून एकच कागद मागवावा. संकेतस्थळावरून खरा अर्ज भरून आलेला ईमेल जीमेलमध्ये उघडायचा, ‘मूळ दाखवा’ या पर्यायावर जायचे आणि त्या पानाची छपाई आणायची. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या तीन नावांपुढे ‘पास’ लिहिलेले आहे की नाही, ते तांत्रिक शिक्षण नसलेल्या अधिकाऱ्यालाही वाचता येते. ज्यांच्याकडे नाही त्यांना पंधरा दिवस द्यावेत. मदतीसाठी दोन्ही जिल्ह्यांत राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची कार्यालये आहेत आणि माझ्यासारखे लोक विनामोबदला यायला तयार आहेत.

परत आलेल्या ईमेलची पेटी रोज उघडण्याचे काम आवक-जावक पाहणाऱ्या लिपिकाला लेखी आदेशाने द्यावे. परत आलेला प्रत्येक ईमेल म्हणजे ‘पत्ता चुकीचा’ असा शेरा मारून टपालाने परत आलेले पाकीट आहे. तसे पाकीट आपण फेकून देत नाही, नोंदवतो. ईमेल परत आला तर फोन किंवा एसएमएस जावा, तेही जमले नाही तर ग्रामपंचायतीच्या किंवा ग्रामसभेच्या हाती कागद द्यावा आणि अपिलाची मुदत त्या दिवसापासून मोजावी. अर्जाचा क्रमांक ईमेलमध्ये जाण्याआधी पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसावा, म्हणजे केंद्रावर त्याची छपाई घेऊन माणूस निघू शकेल. ईमेलचा रकाना ऐच्छिक करावा. आणि पडद्यावरचे ते वाक्य बदलावे : ‘ईमेल पाठवण्याचा प्रयत्न केला आहे. अर्ध्या तासात आला नाही तर या क्रमांकावर फोन करा.’ त्या क्रमांकावर फोन उचलणारे कुणीतरी असावे.

आपल्याच कार्यालयापासून सुरुवात करावी. आजच एखाद्या खासगी जीमेलवरून आपल्या जिल्ह्यातल्या पाच संकेतस्थळांवर पासवर्ड विसरल्याची विनंती टाकून पाहावी आणि किती लिंक येतात ते मोजावे. जिथली येणार नाही, तिथल्या प्रमुखाला दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करावा.

आपला,
दोन्ही जिल्ह्यांत संकेतस्थळांच्या देखभालीचे काम करणारा एक रहिवासी